आंबट पाण्यातला साधू

मित्रांनो, मी एक म्हातारा दरवाजा आहे, पण माझ्यातून माणसं ये-जा करत नाहीत, फक्त पाणी जातं. आमच्या पोलंडात पाइनच्या जंगलाला लागून एक माशांचं तळं आहे. त्याच्या बांधापाशी, गळ्यापर्यंत पाण्यात, मी बत्तीस वर्षं उभा आहे. सिमेंटचं उंच चौकोनी खोकं, तीन बाजूंनी बंद. चौथ्या बाजूला खाचा आहेत आणि खाचांत एकावर एक फळ्या बसवलेल्या. फळ्या काढल्या की तळं रिकामं होतं, बसवल्या की भरतं. इथले लोक मला 'म्निख' म्हणतात, म्हणजे मठातला साधू. मी दीक्षा घेतली नाही की कुठलं व्रत केलं नाही. जागचं हलता येत नाही, एवढंच काय ते माझं साधुत्व.

मला इग्नात्सी आणि त्याचा थोरला भाऊ गेरवाझी यांनी घडवलं. सिमेंट ओतायला साचा हवा होता, म्हणून त्यांनी गोठ्याचं जुनं दार मोडलं. त्या दाराच्या बिजागरीचा ठसा माझ्या पाठीवर अजून आहे. लाकूड निघालं तेव्हा मी असा गुळगुळीत होतो की गेरवाझी माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाला, थेंब गळायचा नाही पठ्ठ्यातून.

आणि नाहीच गळला. दर ऑक्टोबरात इग्नात्सी लोखंडी आकड्याने माझी एकेक फळी उपसायचा. पाणी ओसरायचं आणि कार्प मासे माझ्या पायाशी खड्ड्यात गोळा व्हायचे. शेजारीपाजारी रबरी बूट घालून जाळी घेऊन यायचे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक ताटात आमच्याच तळ्याचा मासा असायचा. ते सगळं उरकलं की इग्नात्सी एकटाच रिकाम्या तळ्यात उतरायचा आणि चिखलावर फावड्याने पांढरी पूड पसरायचा. चुनखडीची पूड होती ती. का पसरतो, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. माणूस अबोल होता, आणि सांगायला वेळ उरणार नाही हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

तो गेला आणि तळं त्याच्या बायकोच्या, झेनोबियाच्या, हाती आलं. मदतीला गेरवाझी होताच. पांढरी पूड हे आपल्या भावाचं खूळ होतं, असं त्याने ठरवून टाकलं. तीन वर्षं चिमूटभर चुना पडला नाही, आणि तळ्याचं पाणी दरवर्षी नितळ होत गेलं. तळातले खडे मोजता यावेत इतकं नितळ. रविवारी शहरातून येणारे लोक बांधावर उभे राहून कौतुक करायचे, झेनोबियाचा ऊर भरून यायचा.

तो नितळपणा मला मात्र पोखरत होता. जंगलात पाइनच्या सुया कुजतात, मागे काळी दलदल आहे, तिथून झिरपणारं पाणी आंबट असतं; त्यात शेवाळही धरत नाही, म्हणून ते नितळ दिसतं. आंबट पाण्याला चुन्याची भूक असते. तळाला चुना मिळेना तेव्हा त्याने तो माझ्या अंगातल्या सिमेंटातून काढायला सुरुवात केली. माझी कातडी रेतीसारखी गळून गेली, आतले खडे केकमधल्या बेदाण्यांसारखे वर आले. ओरडावंसं वाटे, पण साध्या दाराइतकंही मला कुरकुरता येत नाही.

मग गेल्या वर्षी, मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि मासे माझ्याकडे आले. सगळ्या तळ्यातले, लहानमोठे, माझ्याकडे तोंड करून दाटीवाटीने उभे राहिले. ओठ माझ्या भिंतींना घासू लागले. खरं सांगतो मित्रांनो, मला वाटलं, त्यांना माझी माया आली. इतक्या वर्षांत कुणी असं जवळ आलं नव्हतं. पुढे कळलं की मी विरघळत होतो म्हणून माझ्याभोवतीचं बोटभर पाणी कमी आंबट होतं. तेवढ्या पाण्यात ते जीव धरून होते. आणि त्यांना या पाण्यात कोंडून ठेवणाऱ्या फळ्या माझ्याच खाचांत होत्या. मीच कैदी आणि मीच तुरुंगाचं दार.

गेरवाझीने ती गर्दी पाहिली आणि त्यांचा श्वास कोंडलाय, ताजं पाणी हवंय, असं म्हणून जंगलातल्या ओढ्याचं तोंड तळ्यात उघडलं. बर्फाचं ते पाणी सर्वांत आंबट. तिसऱ्या दिवशी लहान मासे पोट वर करून तरंगू लागले. अंगावर पांढरट चिकट थर होता. झेनोबिया बांधावर बसून राहिली. हे मासे गेले तर पुन्हा नवे सोडायचं बळ आपल्यात नाही, असं ती म्हणाली. मग सगळ्या फळ्या काढून टाकू आणि इथे पाइन लावू, असं गेरवाझी म्हणाला. इग्नात्सीचा आकडा कुठे ठेवलाय, एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या सकाळी ती चपट्या होडीतून मेलेले मासे गोळा करायला आली. वाऱ्याने होडी माझ्याकडे ढकलली, तिने आधारासाठी पाण्याखाली माझ्या भिंतीला हात लावला आणि तळवा खरचटला. तिने वाकून पाहिलं. पाण्यावरचा भाग पूर्वीसारखाच गुळगुळीत, पाण्याखालचा खाल्लेला. किती वेळ ती वरून खाली, खालून वर हात फिरवत होती. घरच्या किटलीत चुन्याची खपली धरते, ती झेनोबिया व्हिनेगर टाकून काढते. खपली कशी खाल्ली जाते हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं.

दुपारी ती दोन काचेचे पेले घेऊन आली. एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात तळ्याचं. दोन्हींत तिने जांभळ्या कोबीचा रस ओतला. विहिरीचं पाणी निळसर झालं, तळ्याचं गुलाबी, आंबट पडल्यावर तो रस होतो तसं.

"ह्यात व्हिनेगर घातलंयस तू," गेरवाझी म्हणाला.

"मी नाही. तुझ्या जंगलाने घातलंय."

गेरवाझीने पेला उन्हात धरला, हुंगला, पुन्हा धरला. "म्हणजे इग्नात्सीचं ते खूळ..."

"खूळ नव्हतं ते."

पटल्यावर तर गेरवाझीला धीर निघेना. गोठा रंगवायला आणलेल्या कळीच्या चुन्याची पोती तो हातगाडीवर घालून घेऊन आला. मासे जिथे जमलेत तिथेच, माझ्या पायाशी, सगळी ओतायला निघाला. झेनोबिया गाडीला आडवी झाली.

"शिजवायचेत का तुला ते? पाण्यात पडला की उकळतो तो चुना."

"मग काय करू? बघत बसू?"

"आधी ओढा बंद कर. मग चुनखडीची पूड आण. रोज थोडी थोडी टाकू, सगळीकडे."

नऊ दिवस दोघं होडीतून पूड पसरत होती. वारा फिरला की गेरवाझीच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या. दहाव्या दिवशी माझ्याजवळचे मोठे मासे निघून गेले, मग मधले, मग उरलेसुरले. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या रात्री माझ्या अंगाची आग पहिल्यांदा थांबली. आकडा ऑक्टोबरपर्यंत गोठ्याच्या भिंतीवरच टांगलेला राहिला.

त्या हंगामात निम्मेच मासे निघाले, तरी गावाची ताटं कशीबशी भरली. मग झेनोबिया इग्नात्सीसारखीच चिखलात उतरली आणि फावड्याने चुनखडी पसरू लागली. मला गिलावा करायचं गेरवाझीने कबूल केलंय, ते अजून कबुलीतच आहे. पाणी आता हिरवट, गढूळ दिसतं, रविवारचे पाहुणे नाकं मुरडतात. मुरडू देत. मित्रांनो, पाण्याचं रूप पाहून त्याला शाबासकी देऊ नका. त्यात कोंडलेल्यांना बोलता येत नाही, तेव्हा ते कुठे गर्दी करतात ते पाहा, आणि पाण्यातली भिंत हात लावून पाहा.

या मार्चमध्ये बर्फ वितळलं त्या दिवशी झेनोबिया एकटीच होडी घेऊन आली. माझ्या चारही बाजूंनी वाकून तिने पाणी पाहिलं. एकही मासा नव्हता. मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"एकटाच आहेस ना?" ती म्हणाली. "बरं झालं. असाच राहा."