नाव गुप्त राहील

सालोकारा या बंदराच्या गावात हस्नियाचा शब्द बायकांमध्ये चालायचा. दर गुरुवारी दुपारी तिच्या ओसरीवर कुराणपठण व्हायचं, आणि बंदराकडच्या गल्ल्यांतल्या बहुतेक बायका तिथे जमायच्या. त्यामुळे निवडणूक आली की उमेदवारांच्या गाड्यांना तिचं घर बरोबर सापडायचं. कुणी हिजाबाचं कापड आणायचं, कुणी तांदूळ आणि तेल, कुणी सरळ पाकिटं. हस्निया सगळ्यांना चहा पाजायची, आलेलं बायकांत वाटून टाकायची आणि मत कुणाला दिलं ते नवऱ्यालासुद्धा सांगायची नाही. राजकारणी माणसाकडून तिने कधी काही अपेक्षा धरलीच नव्हती.

पालागुना नावाचा उमेदवार आला तो मात्र रिकाम्या हातांनी. जुन्या सरदार घराण्यातला, मकासर शहरात शिकून आलेला, बुपातीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या प्रमुखाच्या, निवडणुकीला पहिल्यांदाच उभा. चटईवर मांडी घालून बसला, तळलेली केळी खाल्ली आणि म्हणाला की वाटायला माझ्याकडे काही नाही. निवडून आलो तर कचेरीची दारं उघडी करीन, एवढंच. दर शुक्रवारी नमाजानंतर सभागृहात बसेन. जिल्ह्याचा पैसा कुठे गेला ते कुणीही उभं राहून विचारावं. सगळं फोनवर थेट दिसेल. आणि ज्याला उभं राहायची भीती वाटते, त्याने एका नंबरावर तक्रार पाठवावी.

हस्नियाने सरदार घराण्याचा मान राखून विचारलं, "पुआंग, आमच्या बायका बाजारात बसतात. आज तक्रार केली तर उद्या मुकादम टोपली उचलून फेकतो. नाव फुटलं तर?"

त्याने छातीवर हात ठेवला. "नाव माझ्या कानापलीकडे गेलं, तर माझ्या घरी या आणि मला जाब विचारा."

हे ऐकून ती विरघळली असं नाही. गोड बोलणारे तिने पुष्कळ पाहिले होते. पण जाताना तो उठला आणि आपला चहाचा पेला स्वतः आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. त्याच्या घराण्यातल्या माणसाने असं केल्याचं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तिने स्वतःला त्याच्या प्रचारात झोकून दिलं. उन्हातान्हात घरोघर फिरली, घसा बसला. समोरच्या पक्षाची पाकिटं आली ती तिने परत केली आणि बायकांनाही करायला लावली. बायका कुरकुरल्या. तिची मावसबहीण जुमरिया, जी मासे धुरावून विकायची, तिने तर तोंडावर ऐकवलं, "तुझ्या पुआंगच्या कचेरीची दारं उघडी राहतील गं, निया, पण माझी चूल बंद पडेल त्याचं काय?" पण जुमरिया वयाने मोठी असूनही हस्नियाचं ऐकायची. तिनेही पाकीट परत केलं.

पालागुना थोडक्यात निवडून आला. पहिलं वर्ष तर दृष्ट लागावी असं गेलं. शुक्रवारच्या सभेला गर्दी मावेना. बंदराजवळचं तुंबलेलं गटार वाहतं झालं. उघड्या कारभारासाठी जिल्ह्याला बक्षीस मिळालं आणि त्याचा जो मोठा फलक चौकात लागला, त्यावर बुपातीशेजारी हस्नियाही हसत उभी होती. बाजारात बायका तिला थट्टेने "बुपातीणबाई" म्हणायच्या. तिला ते आवडायचं.

मग मासळीबाजाराची नवी इमारत झाली. गाळे वाटले गेले तेव्हा रस्त्याकडचे सगळे पुआंग रेवाच्या माणसांना मिळाले. रेवा म्हणजे बुपातीचा मेहुणा. जुन्या बायकांना मिळाली मागची बाजू, जिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. वर रेवाकडून निरोप आला की पुढची जागा हवी असेल तर घरी येऊन भेटून जा, आणि भेटायला येताना हात हलवत येऊ नका.

जुमरियाची आई त्या बाजारात तोंडाशीच बसायची, आणि तिच्यानंतर जुमरिया. ती तणतणत हस्नियाकडे आली. हस्निया म्हणाली, तक्रार पाठव. जुमरियाने कानाला हात लावला. मोठ्यांच्या भानगडीत पडायचं नाही म्हणाली. नियम असा की ज्याचं गाऱ्हाणं त्यानेच पाठवायचं, नाहीतर हस्नियाने स्वतःच पाठवलं असतं.

"दाएंग, नाव बाहेर येणार नाही," हस्निया थोरलीला मानाने हाक मारत म्हणाली. "माझ्या घरात बसून शब्द दिलाय त्यांनी."

"तू सांगतेस म्हणून," जुमरिया म्हणाली. मजकूर हस्नियाने लिहिला, जुमरियाने फक्त पाठवला.

शुक्रवारी दोघी सभेला गेल्या. हस्निया नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, जुमरिया मागे दाराजवळ. दोन-चार किरकोळ प्रश्न झाले आणि बुपातीने चष्मा लावला.

"बाजाराबद्दल एक तक्रार आहे. जुमरिया, मासे विकणाऱ्या. आल्यात का? जरा उभ्या राहा."

कॅमेरा वळला. बुपातीशेजारी रेवा पायावर पाय टाकून बसला होता.

"तक्रार माझ्या मेहुण्याबद्दल आहे," बुपाती म्हणाला. "मी काही लपवत नाही. ते इथेच बसलेत. त्यांच्या तोंडावर सांगा. खरं निघालं तर आत्ता, सगळ्यांसमोर, त्यांना दूर करतो."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. जुमरिया उभी राहिली, लुंगीला हात पुसत राहिली. तिने एकदा हस्नियाकडे पाहिलं. उठायला हवं हे तिला कळत होतं, पण ती उठली नाही.

"माझंच चुकलं असेल, पुआंग," जुमरिया म्हणाली. "ऐकीव गोष्ट होती."

रेवा हसून म्हणाला की माणूस आहे, चुकतो, आपल्या मनात काही नाही. पुन्हा टाळ्या पडल्या.

पुढच्याच आठवड्यात मागचा तो गाळाही डागडुजीच्या नावाखाली जुमरियाकडून काढून घेतला गेला. डागडुजी त्या एकाच गाळ्याची निघाली.

हस्निया बुपातीच्या घरी गेली. त्यानेच सांगितलं होतं, जाब विचारायला या म्हणून. बराच वेळ व्हरांड्यात बसवून ठेवल्यावर तो बाहेर आला. चिडला नाही, उलट तिच्यासाठी सरबत मागवलं.

"तुम्ही शब्द दिला होता, पुआंग."

"इबू," परक्या बाईला मानाने म्हणतात तसं तो म्हणाला, "उघडा कारभार म्हटला की सगळंच उघडं. माझ्या घरचं तेवढं चव्हाट्यावर आणि लोकांचं झाकलेलं, असं कसं चालेल?"

"तिची जागा गेली."

त्याने सरबताचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग समजावणीच्या सुरात बोलला. "रेवाला मी दुखवू शकत नाही. तुम्ही बंदराकडच्या गल्ल्या आणल्यात, मी विसरलेलो नाही. पण डोंगराकडचा सगळा भाग त्याने आणला. त्याशिवाय मी निवडून आलोच नसतो."

हस्नियाला एकदम काहीतरी उमगलं. "तिकडे पाकिटं वाटली?"

तो बागेकडे पाहत म्हणाला, "तिकडचे लोक तुमच्यासारखे समजूतदार नाहीत."

तिला उन्हातले ते दिवस आठवले, परत केलेली पाकिटं आठवली, कुरकुरणाऱ्या बायकांना दिलेली प्रवचनं आठवली. गरीब बायकांच्या हातचं काढून घेतलं होतं तिने, आणि त्याच वेळी डोंगराकडे हाच माणूस मेहुण्याकरवी वाटत सुटला होता. बुपाती अजून बोलतच होता. या वर्षी जिल्ह्यातर्फे उमराला जाणाऱ्यांत तुमचं नाव घालायला सांगितलंय, म्हणाला. मक्केला जायची इच्छा तिने बायकांजवळ कितीदा बोलून दाखवली होती. क्षणभर तिच्या मनात काबा उभा राहिला, आणि त्याचीच तिला जास्त शरम वाटली.

"माझं नाव काढून टाका," ती म्हणाली. सरबताला तिने हात लावला नाही.

पुढच्या शुक्रवारी ती सभेत उभी राहिली आणि सगळं बोलली. दिलेला शब्द, फोडलेलं नाव, डोंगराकडची पाकिटं. मध्ये कुठेही थांबली नाही. बुपाती मान हलवत ऐकत राहिला आणि शेवटी आभार मानून त्याने पुढचं नाव पुकारलं. घरी आल्यावर नवऱ्याने सांगितलं की फोनवर तिचे नुसते ओठ हलताना दिसले. तेवढाच वेळ आवाज गेला होता. सभागृहात ज्यांनी ऐकलं, ते बाहेर पडताना तिला टाळून दुसऱ्या बाजूने गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी तिच्या ओसरीवर मोजक्या म्हाताऱ्या आल्या. बाकीच्या रेवाच्या बायकोकडे गेल्या होत्या. तिथे नवं पठणमंडळ निघालं होतं, नवे लाउडस्पीकर आले होते. हस्नियाने त्यांना मनातसुद्धा दोष दिला नाही. त्यांना पाकिटं परत करायला लावणारी तीच होती.

जुमरिया आता गावाबाहेर, पुलापलीकडच्या हमरस्त्याला बसायची. हस्निया तिथे गेली तेव्हा ती धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी मासे उलटत होती.

"दाएंग, मी बोलले सभेत. सगळं बोलले."

"कळलं."

"त्या दिवशीच उठायला हवं होतं."

"हो," जुमरिया म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्याकडे पाहिलं होतं."

एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने घासाघीस केली, जुमरियाने हसून त्याला दोन गोष्टी सुनावल्या, पानात मासे बांधून दिले. तो गेल्यावर हसू मावळलं. हस्निया तशीच उभी. तिने पंखा घेण्यासाठी हात पुढे केला, लहानपणापासून दोघी मिळून निखारे फुलवायच्या तसा. जुमरियाने पंखा आपल्याकडे ओढून घेतला.

"मासे हवेत का, इबू?" तिने विचारलं, एखाद्या वाटसरूला विचारावं तसं.

हस्नियाने मासे घेतले, आणि चालत घरी आली.