शमिकाची पाच पावलं

गंगारामनं गडग्यात पहार घातली तेव्हा मी पडवीत भाजी निवडत बसले होते. रविवारची सकाळ, गणपती जाऊन आठ दिवस झालेले. गडग्याचे वरचे दोन धोंडे घरंगळले तेव्हा वाटलं, आत साप शिरला असेल. मग त्याचं तोंड पाहिलं. साप मारताना माणूस आईबहिणीवरून शिव्या देत नाही.

मी त्याची चिमाकाकी. खेडपासून तासाभरावरच्या या वाडीत गंगाराम आणि त्याचा थोरला भाऊ भागोजी यांच्या समोरच माझं घर. दोघांना मी न्हाऊमाखू घातलंय, म्हणून त्यांच्यावर माझी जीभ चालते. दोघांची घरं वेगळी, मध्ये हा धोंड्यांचा गडगा, पण गणपती एकच. भागोजी तो डोक्यावर घेऊन पऱ्ह्याच्या पाण्यात बोळवायला जातो आणि गंगाराम पुढं ढोलकी बडवतो. आठ दिवसांपूर्वी हेच दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून नाचले होते.

निमित्त झालं ते सात वर्षांच्या शमिकाचं, गंगारामच्या लेकीचं, आणि त्या पोरीचा यात काडीचाही दोष नाही. आमच्या शाळेत पहिलीत मोजायला शिकवतात ते पट्टीनं नव्हे, वितीनं आणि पावलानं. टाचेला अंगठा भिडवत चालायचं आणि मोजायचं. गेल्या वर्षी तिनं घराच्या पायरीपासून गडग्यापर्यंत बासष्ट पावलं मोजून वहीत लिहिली, बाईंनी त्यावर लाल खूण केली. यंदा ती दुसरीत. नसीमाबाईंनी सांगितलं, गेल्या वर्षी जे मोजलं तेच पुन्हा मोजून सोमवारी आणा. पोर मोजायला गेली आणि सत्तावन्न भरली.

तिनं बापाला विचारलं, पाच पावलं कुठं गेली? गंगाराम मुंबईला गोदामात कामाला, वर्षातून दोनदा घर बघणारा. वैशाखात गुरांनी पाडलेला गडगा भागोजीनं एकट्यानं रचला, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं पोरीला आणखी दोनदा चालवलं. दोन्ही वेळा सत्तावन्न. मग त्यानं जुनी वही काढून बाईंची लाल खूण पाहिली, आणि त्याचं डोकं फिरलं. मुंबईत राहून माणूस शहाणा होतो म्हणतात, आमचा हा असा झाला.

भागोजी गवताचा भारा घेऊन येत होता. गडगा मोडलेला बघून त्यानं भारा खाली टाकला. कोयती हातातच राहिली.

"काय करतोस रं?"

"माजा हाय ता घेतो. पाच पावला खाल्लीस तू माजी. पोरीच्या वहीत हायत. बाईची खून हाय."

"धोंडे होते तितंच लावले मी."

गंगारामनं पोरीला दंडाला धरून पुढं ओढलं. "शमे, सांग. किती होती नि किती हायत?"

पोरीनं वही छातीशी धरलेली. "बासट होती," ती म्हणाली. "आता सत्तावन."

भागोजी हसला. तो हसला नसता तर कदाचित नुसत्या शिव्यांवर भागलं असतं. गंगारामची पहार त्याच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी पडवीत ऐकला. कोयती खाली पडली, ती त्यानं डाव्या हातानं उचलली आणि भावाच्या खांद्यात घातली. सदरा फाटला, मांस उघडं पडलं. मग दोघे त्या निसटत्या धोंड्यांवर लोळले, चावले, ओरबाडले. भागोजी गंगारामच्या छातीवर बसला आणि धड हातानं त्यानं एक धोंडा डोक्यावर उचलला. मी धावत जाऊन त्याचे केस धरले. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि पुढचा दात गेला. तेवढ्यात शमिकाच्या आईनं चुलीतलं लाकूड आणून त्याच्या पाठीत घातलं. धोंडा गंगारामच्या कानाजवळ पडला. चार बोटं इकडं पडता तर भेजा बाहेर आला असता.

दोन रिक्षांतून दोघांना खेडला नेलं. चिखलात पडलेली वही मी उचलली.

सोमवारी शमिकाची आई दवाखान्यात, म्हणून पोरीला शाळेत मीच नेलं आणि सुजलेलं तोंड घेऊन दारात बसले. बाई एसटीनं येतात, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एकेकाला आकडे विचारले. शेजारच्या समर्थचा ओटा तीस पावलांचा अठ्ठावीस झालेला. सगळ्यांचेच आकडे घटलेले. बाईंनी विचारलं, काय रे, सगळ्या वाडीची घरं आखडली की काय? पोरं खिदळली. मग त्यांनी जुन्या वहीतलं ते पान उघडायला लावलं, ज्यावर गेल्या वर्षी पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. पोरांनी वहीला आधी नमस्कार केला आणि मग पाय ठेवला. सगळ्यांची बोटं रेषेच्या बाहेर.

"पाऊल वाढलं, म्हणून कमी पावलांत पोचलात," बाई म्हणाल्या.

शमिका पाय ठेवून तशीच उभी राहिली.

दुपारी मी तिला खेडला घेऊन गेले. दोघा भावांना शेजारशेजारच्या खाटा मिळालेल्या, दारात पोलीस बसलेला. भागोजीच्या मनगटाचा चुरा झालाय, त्या हातानं आता वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी वही फरशीवर उघडून ठेवली. शमिकानं नमस्कार केला आणि त्या पानावर उभी राहिली.

"बग," मी गंगारामला म्हटलं. "तुजा गडगा तितंच हाय. पोरगी वाडली."

तो वाकून किती वेळ ती बोटं बघत राहिला. मला राहवलं नाही. खांद्याला टाके असलेल्या माणसाच्या मी थोबाडीत मारली. पोलीस उठला, पण माझं तोंड बघून परत बसला.

"पुडच्या वर्सी आनखी कमी भरतील, बाबा," शमिका म्हणाली. "बाईंनी सांगितलान."

शेजारच्या खाटेवरून भागोजी हे सगळं बघत होता. तो हळूच बोलला, "गंगा, पुडच्या वर्सी गनपती तुलाच उचलाय लागंल."

गंगारामनं तोंड भिंतीकडं फिरवलं. शमिका अजून वहीवर उभी होती.