बसवंतचा पेला

शेतातल्या कोपीच्या आडोशाला बसून महानंदाने गोळी दोन चमच्यांमध्ये दाबली. कट्‌ आवाज झाला तशी ती थबकली. कडब्याच्या भिंतीपलीकडे बायका भाज्या-दाण्यांच्या भज्जीचं पातेलं उतरवत होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने भुकटी पेल्यात टाकली, वरून आंबील ओतली आणि बोटाने ढवळली. लसूण, मिरची, ज्वारीचं आंबलेलं पीठ. त्यात कडू काही कळत नाही.

घरी वरणात, आज आंबिलीत. तिचा लेक बसवंत दिवाळीच्या तोंडावर जेलमधून सुटून आला तेव्हापासून एकही गोळी चुकली नव्हती. चुकली की काय होतं ते तिने पाहिलं होतं. मागे त्याने सगळ्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, दारू धरली आणि कानातले आवाज परत आले. त्या आवाजांचं ऐकून त्याने बसस्टँडजवळची एक पानटपरी पेटवली. लातूरला दवाखान्यातल्या बाईंनी तिला समजावलं होतं, त्याला सांगून द्या, त्याच्या हाताने घेऊ द्या. महानंदाने मान डोलावली होती. पण सांगितलं आणि तो नको म्हणाला, तर?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतपूजेला, वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून शेतात जेवायला बसवतात. तरी गेल्या वर्षी तिला कुणी हाक मारली नव्हती. या वर्षी थोरले दीर मलप्पा स्वतः घरी येऊन दोघांनाही बोलावून गेले होते. एके काळी निलंग्याच्या या वाटा सकाळपासून बैलगाड्यांनी भरून जात. आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन बसवंतचे वडील पुढे चालत आणि त्यांच्या धोतराचा सोगा धरून पोर मागे. आता बांधाला जीप आणि मोटारसायकली उभ्या होत्या. हरभऱ्याचा वास मात्र तेव्हाचाच होता.

"लई वाळलास रं बसवंता," मलप्पा शेताला आंबील शिंपून परत येत होते. "तिथं जेवाय घालत न्हवते का?"

"घालत होते की काका. पन भज्जी न्हवती."

बायकासुद्धा हसल्या. महानंदाला वाटलं, हे हसू असंच बांधून घरी न्यावं. तिने पेला बसवंतच्या हातात दिला.

बसवंतने तो ओठाजवळ नेला, आणि काका उन्हातून आलेले, घामेजलेले दिसले तसा थांबला. उठून उभा राहिला.

"आधी तुमी घ्या काका."

मलप्पांनी पेला तोंडाला लावायच्या आत महानंदा धावली.

"नका! नका पिऊ!"

तिने त्यांचं मनगटच धरलं. थोरल्या दिरासमोर तिने आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. अर्धी आंबील त्यांच्या धोतरावर सांडली.

"माशी पडली का काय गं?" मलप्पांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण बसवंत तिच्याकडे बघत होता.

"अव्वा, काय हाय त्यात?"

"गोळी," ती म्हणाली. "तुजी."

"कवापासून?"

"आलास तवापासून."

त्याने पेला काकांच्या हातून घेतला आणि खाली ठेवला.

"जेलात बी गोळी होती, अव्वा. पन तिथं सांगून देत होते."

तो बांधाकडे चालू लागला. पलीकडच्या शेतात, चिंचेखाली, सुदर्शन आणि त्याचे दोस्त बसले होते. एकेकाळी बसवंत त्यांच्यातच उठबस करायचा. त्यांच्या मधोमध कागदात गुंडाळलेली बाटली होती, हे इथूनही कळत होतं.

"अरे बसवंता! ये की जेवाय!" सुदर्शनने हात वर केला. "येळवशीचं न्हाई म्हनू ने!"

बसवंत बांधावर उभा राहिला. बराच वेळ. वाऱ्याने ज्वारी हलत होती आणि त्याची पाठ तेवढी दिसत होती. महानंदाने जावेचा हात घट्ट धरला.

"माजं पान हिकडं वाढलंय," तो मोठ्याने म्हणाला आणि वळला.

येऊन तो मांडी घालून बसला. आईकडे न बघता त्याने हात पुढे केला.

"गोळ्या दे."

तिच्या बोटांना पदराची गाठ सुटेना. सुटली तेव्हा तिने पाकीट त्याच्या तळहातावर ठेवलं. सगळे बघत होते. त्याने एक गोळी काढली आणि तशीच धरून राहिला. कान लाल झाले होते.

"थांब रं जरा," मलप्पा सदऱ्याचा खिसा चाचपत त्याच्या शेजारी टेकले. "माजी बी राहिलीच हाय, बीपीची. घरात तुजी काकू रोज कावती माज्यावर."

"कावू न्हाई तर काय करू?" जाऊबाई म्हणाल्या. "लहान लेकरावानी दडवून ठेवतात गोळ्या!"

बसवंतला हसू आलं. दोघांनी गोळ्या तोंडात टाकल्या आणि वरून दुसऱ्या पेल्यांतली आंबील घेतली.

"आता ताटं घ्या," जाऊबाईंनी आवाज दिला, "भज्जी निवून चालली."

महानंदा वाढायला उठली. बसवंतने पाकीट आपल्या खिशात सारलं. तिने ते पाहिलं. परत मागायला तिचा हात पुढे झाला, आणि त्याच हाताने तिने त्याच्या ताटात भज्जी वाढली.