स्विच बंद?

धाराशिवच्या धावपट्टीवर ऐंशी वर्षांचं लढाऊ विमान हवाई प्रदर्शनासाठी उभं होतं. इंजिनाचा स्विच चालू असला तर पुढचा पंखा हातानं फिरवताना त्याचं पातं हात तोडतं, म्हणून मेकॅनिक प्रसेनजितनं आधी रीतसर विचारलं, "स्विच बंद?"

"बंद हाय," कॉकपिटातून उत्तर आलं.

त्यानं पात्याला हात घातला, तेवढ्यात वैमानिक वृषालीताई मागून चहा घेऊन आल्या.

प्रसेनजितनं हात अलगद काढून घेतला. "ताई, आत कोण हाय?"

"कुणी न्हाय. मीच कुलूप लावलंय."

त्यानं शिडीवर चढून काचेतून पाहिलं. खुर्ची रिकामी होती आणि स्विच चालू होता. खाली येऊन त्यानं वहीत लिहिलं, 'उड्डाण रद्द. विमान खोटं बोलतंय.'

"तेवढं खोडा की," कॉकपिटातून आवाज आला.

प्रसेनजितनं खाली सही केली.