देशाचा रकाना

“काका, घंटी वाजलीच नाही,” व्यासपीठावरून उतरताना स्पर्धक मुलगी म्हणाली, तेव्हा घड्याळकाकांनी टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटांचं भाषण सव्वानऊ मिनिटं चाललं होतं.

विधी महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत एकतीस वर्षं वेळ राखायचं काम त्यांच्याकडे होतं. एरवी ते ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधत. पण स्पर्धेचे चार दिवस सभागृह त्यांच्या बोटावर चाले. भलेभले वक्ते रंगात आले की काका घंटी दाबत आणि उरलेला आवेश घेऊन वक्ता मुकाट जागेवर जाऊन बसे. त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नसे. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ते स्वतःला सांगत.

आजचा विषय होता, आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणवून घ्यायचा हक्क आहे का. विरोधी बाजूचा मुलगा चांगला तयारीचा होता. सीमा ठरलेल्या नाहीत, कारभार एका हाती नाही, मग वाटाघाटींआधी कायद्याने राष्ट्र मानायचं कशाच्या जोरावर, असं त्याने मुद्देसूद मांडलं. काकांनी त्याला अगदी सेकंदावर थांबवलं. मग मुलगी उठली. स्वयंनिर्णयाचा हक्क लोकांचा असतो, सीमा आखून होईपर्यंत तो खोळंबून राहत नाही, असं सांगता सांगता ती म्हणाली, “घराबाहेर राहावं लागलं, म्हणून माणूस आपल्या लोकांतून वजा होत नाही.”

तिथे काकांचं घड्याळावरचं लक्ष उडालं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांची ताई वारली होती. तिकडे, जिथून सात वर्षांचे असताना त्यांना निघावं लागलं होतं. ताईच्या शेजारणीने फोनवर सांगितलं होतं, “भाऊ, तू निघू नकोस. तुला सीमेवरच अडवतील.” ते खरंच होतं. काकांच्या प्रवासाच्या कागदावर राष्ट्रीयत्वापुढे ‘अनिश्चित’ असं छापलेलं होतं. ते “बरं” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले. सांगणार तरी कुणाला?

सव्वादोन मिनिटं जास्त घेतली म्हणून परीक्षक बाईंनी मुलीचे गुण कापले आणि ती हरली. काका उठून बाईंपाशी गेले.

“बाई, चूक माझी आहे. मी घंटी वाजवली नाही.”

“तुम्ही? एकतीस वर्षांत कधी नाही ते?” बाईंनी चष्मा काढला. “मग लेखी द्या, म्हणजे गुण परत देता येतील. आणि सगळे रकाने भरा हं, अर्धवट कागद चालत नाही.”

बाईंनी दरवर्षीचाच छापील अर्ज पुढे केला. नाव. काम. देश. शेवटच्या रकान्यात काका दरवर्षी आडवी रेघ मारत आणि कुणी हटकत नसे. आज खरं लिहावं, तर लोक म्हणणार, म्हाताऱ्याने मुद्दाम आपल्या बाजूच्या पोरीला वेळ दिला. एकतीस वर्षांच्या इमानाची माती होणार. न लिहावं, तर काही दोष नसताना पोरगी हरते. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, पॅलेस्टाईन.

बाईंनी वाचलं. मग विरोधी मुलाला बोलावून कागद त्याच्यापुढे धरला. “हरकत असेल तर नोंदव. तुझा हक्क आहे तो.”

मुलाने कागद वाचला, काकांकडे पाहिलं आणि तो ओशाळला. “हा देश होत नाही, हेच तर मी सात मिनिटं सांगत होतो,” तो म्हणाला. “पण माझी हरकत नाही. तिला घड्याळावर हरवून मला काय मिळणार?”

“काका, उद्या अंतिम फेरीला मात्र दुसरं कुणीतरी बसेल,” बाई हळूच म्हणाल्या. “समजून घ्या.”

“समजतं ना, बाई.” काकांनी रुमालाने घंटी पुसली आणि बाईंच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी मुलगी अंतिम फेरीत बोलत होती. काका शेवटच्या रांगेत बसले होते. सात मिनिटं झाली तसं त्यांचं बोट आपसूक गुडघ्यावर टेकलं. घंटी दोन सेकंदांनी वाजली.

कालचा हरलेला मुलगा उशिरा आला आणि वाकून म्हणाला, “काका, इथे कुणी आहे?”

काकांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. ताई गेल्याचं तीन आठवडे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“कुणी नाही,” ते म्हणाले. “आता कुणीच नाही राहिलं. बस.”