दर्याबुवांचं लाल पाणी

पौर्णिमेला किहीमच्या अलीकडल्या त्या कोळीवाड्यात धक्क्यावर जेवढी माणसं नसत, तेवढी दर्याबुवांच्या मांडवात असत. मुंबईच्या गाड्या माडांच्या बुंध्यांना नाक लावून उभ्या, स्पीकरवर भजन, आणि दाराशी बुवांचा मेहुणा नारळांच्या राशीवर डोळा ठेवून बसलेला. बुवा म्हणजे पूर्वाश्रमीचे तुळशीराम. आधी ते पर्यटकांना केळ्याच्या आकाराच्या फुगीर बोटीतून फिरवत. एकदा ती बोट उलटली, तुळशीरामांच्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी जाहीर केलं की दर्याने आपल्याला लोककल्याणासाठी परत पाठवलं आहे. दर्याने त्यांना परत का पाठवलं असावं याबद्दल गावात दुसरंही एक मत होतं, पण ते हळू आवाजात.

बुवांचा चमत्कार बायकांसाठी होता. ज्यांची कूस उजवत नाही किंवा उजवून रिती होते, त्यांनी नवऱ्यासह हळद माखलेले हात दर्याच्या पाण्यात बुडवायचे. दोष असेल तर हातांना रक्त फुटायचं. आजवर एकाही बाईचे हात पिवळे राहिले नव्हते. आणि एकाही पुरुषाचे लाल झाले नव्हते.

त्या दिवशी किशोरीचा नंबर लागला.

किशोरीला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसरा महिना ओलांडण्याआधीच सगळं संपलं. दर वेळी आळीतल्या बायका येऊन सांत्वन करत आणि जाता जाता चौकशीही करत. टोपली उचललीस का, पपई खाल्लीस का, तिन्हीसांजेला वाळूत गेलेलीस का? तिसऱ्या खेपेनंतर अलिबागच्या डॉक्टरबाईंनी तिला पनवेलच्या तज्ज्ञाकडे जायला सांगितलं. पण त्या दवाखान्याच्या पाटीवर ‘वंध्यत्व’ असा शब्द होता आणि त्या शब्दाशीच गाडी अडली.

“वांझ बायांच्या दवाखान्यात माझी सून?” सासू नीराबाई म्हणाल्या. “तिला दिवस जातात, टिकत न्हाय. आपन आधी बुवाकडं जाऊ.”

नवरा विनेश होडीच्या इंजिनात डोकं घालून म्हणाला, “आये सांगते तसं करू.” खरं तर त्याला वेगळीच धास्ती होती. तिथे नवऱ्यालाही तपासतात, असं त्याच्या कानावर आलं होतं.

किशोरीला बुवा पटत नव्हते आणि पनवेलचं धाडस होत नव्हतं. आपल्यातच काही खोट आहे हे एकदा तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलं की मग पुढे काय, याची तिला भीती होती. म्हणून ती मुकाट्याने मांडवात येऊन बसली.

समोर दर्याच्या पाण्याने भरलेली दोन पितळी घंगाळं होती. उजवं पुरुषांचं, डावं बायकांचं.

“दर्या भेद करीत नाही,” बुवा डोळे मिटून म्हणाले, “पण शिस्त पाळतो. चुकीच्या घंगाळात हात गेला तर लाट उठेल.”

गर्दी दोन पावलं मागे सरकली. विनेशने हात बुडवले, पिवळेच बाहेर आले. बुवांनी मान डोलावली. “पुरुष निर्मळ आहे!”

मग किशोरीने हात बुडवले. कोळंबी सोलून बोटांना चिरा पडल्या होत्या, त्या चुरचुरल्या. पाण्यातून हात वर आले ते लालभडक. मांडवात एकच हाय उसळली.

“बुडून मेलेली बाई हिच्या पोटात बसली आहे,” बुवा गरजले. “तीच पोरं पिते. डॉक्टरने हात लावला की ती चवताळेल. पुढची पौर्णिमा होईपर्यंत दवाखाना बंद, गोळ्या बंद. आणि घरात कुणी साबणाला शिवायचं नाही. साबण हे विलायती तत्त्व आहे.”

किशोरी घरी आली आणि ओट्यावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिली. तीन बाळं आपल्याच आत कुणीतरी प्यायलं, हे तिच्या मनातून हलेना. नीराबाईंनी तिला पाणीसुद्धा दुरूनच दिलं.

विनेशला मात्र इंजिन दुरुस्त करायचं होतं. ते झाल्यावर हाताला डिझेल लागलं, म्हणून त्याने सवयीने मोरीवरची कपड्याच्या साबणाची वडी घेऊन खसाखसा हात घासले. आणि किंचाळला.

त्याच्या तळव्यांवर उरलेली हळद तांबडी लाल झाली होती.

“आये! ती बाई माझ्यात पन आली!”

नीराबाईंच्या हातातलं सूप पडलं. विनेश हात झटकत अंगणभर नाचू लागला. निर्मळ पुरुष!

किशोरी उठली. नवऱ्याचा हात धरून तिने नीट पाहिला, मग सासूकडे वळली. “आई, आमच्या लग्नात हळदीचा ह्यांचा सदरा तुम्ही धुतला होता ना? साबण लावल्यावर डाग कसा झाला होता?”

“कसा म्हंजे? लाल झालावता. हळद ती, साबण लागला की लालच...”

नीराबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी कमरेची चंची काढली, डबीतला चुना बोटावर घेतला आणि विनेशच्या मनगटावर राहिलेल्या पिवळ्या पट्ट्यावर चोळला. पट्टा रक्तासारखा लाल झाला.

“मेल्या तुळश्या!” एवढंच त्या म्हणाल्या आणि चपला न घालता निघाल्या.

मांडव अजून भरलेला होता. नीराबाईंनी आयुष्यभर बाजारात गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली होती. त्यांच्या आवाजापुढे स्पीकर फिका पडला. त्यांनी हळदीच्या ताटात हात माखले आणि कुणी अडवायच्या आत पुरुषांच्या घंगाळात कोपरापर्यंत घातले. लाट उठली नाही. हात पिवळेच राहिले.

“माते, अनर्थ!” बुवा ओरडले. “आता दर्या...”

“दर्याला ओहोटी लागलीय, तो कामात हाय.” नीराबाईंनी बुवांचं मनगट पकडलं. दिवसभर भक्तांना हळद लावून माखलेला तो पवित्र हात त्यांनी डाव्या घंगाळात दाबला आणि वर काढून सगळ्यांना दाखवला. तो लालभडक झाला होता.

“काय रे तुळश्या, तुझं कितवं पडलं? तुझ्या पोटात कोन बसलीय?”

मांडवात हशा पिकला. सासूच्या मागोमाग आलेली किशोरी पुढे झाली.

“ह्या घंगाळात चुन्याची निवळी आहे. त्या घंगाळात साधं पाणी. हळदीला चुना किंवा साबण लागला की ती लाल होते. साबण का बंद केला, ते कळलं ना? घरी कुणाच्या नवऱ्याने साबणाने हात धुतला असता तर तोही लाल झाला असता. माझ्या नवऱ्याचा झालाच.”

बुवांनी ग्रहयोगाचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर बायकांनी घंगाळाला गराडा घातला होता. मेहुणा नारळ गोळा करू लागला. तरीही मुंबईच्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, “महाराज, पुढच्या पौर्णिमेला आहात ना?” अशी माणसं असतात, म्हणून महाराज असतात.

त्याच आठवड्यात तिघं पनवेलला गेली. डॉक्टरांनी विनेशलाही रक्त द्यायला सांगितलं तेव्हा त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “दे. हातावरचं दिसलंच हाय.”

किशोरीने तोंड उघडलं ते एकाच प्रश्नासाठी. “डॉक्टर, मी टोपल्या उचलल्या म्हणून गेलं का?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही केलेल्या कशानेही नाही.”

ती तिथेच खुर्चीत रडली. तीन वर्षांत तिला असं कुणी सांगितलं नव्हतं.

तपासण्यांत किशोरीच्या रक्तात गुठळ्या होण्याचा दोष सापडला. त्यावर औषध आहे, पुढच्या वेळी सुरुवातीपासून इंजेक्शनं घ्यावी लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. मूल नक्की होईल, असं मात्र म्हणाले नाहीत. शक्यता चांगली आहे, म्हणाले. ती दोघं सध्या वाट बघताहेत, आणि किशोरीला आता झोप लागते.

एखादीचं मूल पोटातच गेलं, तर तिच्या हातांना रंग लावून दोष शोधू नका. तिला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही, दवाखान्यात न्या. तिथे गेल्यावरही प्रश्न विचारा. ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं त्याच्यापासून लांब राहा, आणि जो म्हणतो ‘मला अजून कळलेलं नाही, तपासून पाहू’, त्याच्या दारात जा.