लांडगा कामाला लागला

"बाही वर दुमडा," बायको म्हणाली. "नाही दुमडणार," लांडगा म्हणाला, आणि चूल पेटायच्या आधीच दोघांची जुंपली.

लांडगा म्हणजे माणूसच, बरं का. उजवा हात कोपराखाली वीतभर उरलेला, तोंड मात्र चौघांना पुरेल एवढं. हात गेला कडबा कापायच्या यंत्रात. वैरण सारता सारता शेजाऱ्याला कसलीशी थाप सांगत होता, आणि थाप कितपत पटतेय हे बघायला नजर शेजाऱ्याच्या तोंडावर. थाप पटली, हात गेला. आता हे काय चारचौघांत सांगायचं? म्हणून जिथं नोकरी मागायला जाई तिथं तो हाताची नवीच हकीकत सांगे. वीटभट्टीवर सांगितलं, लांडग्यानं तोडला, पण त्याचे दात माझ्या घरी आहेत. वखारीत सांगितलं, वीज पडली, तीही आधी विचारून पडली. लोक पोट धरून हसत, चहा पाजत, पाठ थोपटत आणि नोकरी दुसऱ्याला देत. गावानं मग त्याचंच नाव लांडगा ठेवलं.

इकडं बायको दोघांच्या वाटणीचं शेत एकटी ओढत होती. जमीन उन्हानं अशी भाजलेली, की खुरपं मारलं तर मनगटात झिणझिण्या याव्यात. संध्याकाळी ती उंबऱ्यावर टेकली, की उठताना भिंत धरून उठे. दूध केंद्रावर माणूस हवाय, हे तिनंच कुठून तरी कानावर घेतलं होतं.

"बाहीला गाठ मारून जाता, मग समोरचा सारा वेळ त्या गाठीकडंच बघत बसतो," ती म्हणाली.

"उघडा हात बघून दचकला म्हणजे?"

"दचकू दे. हात आहे, भूत नाही. आणि लांडगा-बिंडगा काही सांगू नका. काय येतं ते सांगा, काय येत नाही तेही सांगा आणि गप्प बसा."

"गप्प बसायचं अवघड आहे."

"ते मला माहीत नाही होय? पण ह्या खेपेलाही नाही जमलं, तर माझ्या पाठीचं काही खरं नाही. एवढं ध्यानात ठेवा."

खुरपं उचलून ती निघून गेली. पुढं भांडायला तिच्यात जोरच उरला नव्हता. लांडग्यानं दातानं गाठ सोडली आणि बाही कोपराच्या वर सारली.

केंद्रावर टेबलामागं मॅनेजर बसलेला, शेजारी कारकून. हा कारकून वखारवाल्याचा मेहुणा. विजेची हकीकत त्याच्या कानावर आलेली, त्यानं आधीच चहा सांगून ठेवला होता.

"या, या. साहेब, आधी ह्यांच्या हाताची गोष्ट ऐका. मुलाखत काय, मग होईल."

लांडग्याच्या जिभेवर मगर आलीच होती. चांगली तयार मगर, शेपटीसकट. मोठ्या कष्टानं त्यानं ती गिळली.

"कडबा कापायच्या यंत्रात गेला," तो म्हणाला. "जखम भरलीय, दुखत नाही. कामाचं विचारा."

कारकुनाचा चेहरा पडला. मॅनेजर हाताकडं बघायचा, मग छताकडं, मग पुन्हा हाताकडं.

"नीट बघून घ्या साहेब. एकदाचं बघितलं की बोलायला मोकळे."

मॅनेजर ओशाळला. "तसं नाही हो. पण भरलेले कॅन हलवायचे असतात."

"गाडीवर एकट्यानं नाही चढवता येणार, पलीकडून एकजण लागेल. जमिनीवर मात्र एकटा नेतो. दाखवू?"

दारात एक भरलेला कॅन होता. लांडग्यानं डाव्या हातानं त्याची मान धरली, उरलेला हात कॅनच्या खांद्याला लावला, कॅन बुडाच्या कडेवर कलता केला आणि गोल गोल फिरवत निघाला. निघाला तो बेतानं, पण उंबरठ्याला अडखळला. झाकण उडालं, दुधाचा लोट थेट मॅनेजरच्या बुटांवर.

एरवी असतं तर लांडग्यानं त्या दुधाची नदी करून तीत नाव सोडली असती. आज म्हणाला, "माझा अंदाज चुकला. फडकं कुठंय?" बूट पुसले, फरशी पुसली, झाकण आखूड हातानं दाबून बसवलं आणि कॅन उंबरठ्यापार नेला.

"असं करा," मॅनेजर हळूच म्हणाला, "कॅन धुवायला या. बसून काम आहे, तुम्हाला बरं पडेल. पगार कमी, पण..."

"धुवायला कमीपणा नाही साहेब. पण मी आलोय कॅन न्यायच्या जागेसाठी. थोडे दिवस ठेवून बघा. नाही जमलं तर तुमच्या आधी मीच सांगेन."

बाहेर दुधाच्या गाडीनं भोंगा दिला, आणि कॅन चढवायच्या फलाटावर माणसं अपुरी. मॅनेजरनं मान डोलावली. "मग आजच बघू. लागा."

घरी जाऊन बायकोला कधी एकदा सांगतो असं लांडग्याला झालं होतं, ते राहूनच गेलं. पहिल्या काही कॅनच्या वेळी फलाटावरचे सगळे त्याच्या हाताकडंच बघत होते. मग ऊन चढलं, दूध नासायच्या भीतीनं ड्रायव्हर कावला आणि दिसेल त्याच्यावर खेकसायला लागला. होता होता लांडग्याची पाळी आली.

"अरे ए, पाय उचल की जरा. सासुरवाडीला आलास काय?"

फलाट क्षणभर चपापला. लांडग्यानं पुढचा कॅन कलता केला. कंबर मोडून आली होती, सदरा अंगाला चिकटला होता, आणि ड्रायव्हरनं बाकीच्यांसारखंच आपल्यावरही आणखी एकदा ओरडावं असं त्याला वाटत होतं.